एक पुरतं वाक्य

माणसाच्या आयुष्यातले खरे मोठे निर्णय एकांतात होतात. आमचाही तसाच झाला. ताईचा फोन आला तेव्हा मी न्हाणीघरात होतो, आणि बायकोने दाराच्या फटीतून हात आत घालून फोन माझ्या ओल्या हातात कोंबला. "बाबांना ऐंशी पूर्ण होतायत," ताई म्हणाली. गेल्या वर्षी एकोणऐंशी पूर्ण झाली होती हे मला माहीत असल्यामुळे मी फारसा दचकलो नाही. "सगळ्यांना एकत्र जेवायला बोलवायचं. काका, आत्या, मामा, पोरंटोरं, कुणी सुटायला नको. चाळीसेक माणसं होतील. हॉटेल तू शोध." हे ऐकल्यावर मात्र साबण हातातून सटकला. आमच्या घरात मला कुणी काही ठरवायला सांगत नाही. माझ्या लग्नाची तारीखसुद्धा मला भाऊजींकडून, म्हणजे ताईच्या नवऱ्याकडून कळली होती, आणि तीही 'तुला माहीत असेलच' अशा सुरात. "मी कशाला? भाऊजींना सांग की." "त्यांना सांगितलं तर जिथे गाडी लावायला जागा आहे तिथे नेतील सगळ्यांना. आणि आवाजाच्या धंद्यात तू आहेस, ते नाहीत. बाबांनी काय अट घातलीय ते तुला ठाऊक आहे ना?" ठाऊक होतं. अट घातली तेव्हा मी समोरच बसलो होतो. बाबा म्हणाले होते, "येतो मी. पण एक तरी वाक्य पुरतं ऐकू आलं पाहिजे. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. नाही आलं तर हे शेवटचं. मग मला कुठे नेऊ नका, कुणाला माझ्यासाठी बोलावू नका. ताट झाकून ठेवा घरी, मी माझा जेवीन." हे ते रागाने म्हणाले नव्हते. वीजबिल भरायची आठवण करावी तसे म्हणाले होते, आणि त्यामुळेच ते खरं होतं.

बाबांचे कान एका दिवसात गेले नाहीत. संध्याकाळी खोलीतला उजेड कमी होत जातो आणि पुस्तक डोळ्यांच्या जवळ जवळ येत जातं, आपल्याला मात्र अंधार पडल्याचं कळत नाही, तसं झालं. आधी त्यांनी दाराची घंटा सोडून दिली, मग रेडिओ, मग आम्हाला. त्या जागी त्यांनी एक हसू आणलं. समोरचा बोलू लागला की ते मान किंचित कलती करायचे, हसायचे, आणि तो थांबला की म्हणायचे, "वा, छान." या दोन शब्दांवर त्यांनी कित्येक वर्षं काढली. लोक खूश असत. मी पाहिलं आहे, जगातली बहुतेक संभाषणं या दोन शब्दांवर नीट चालतात, समोरच्याला त्याहून जास्त काही नको असतं. पण मग एका लग्नात त्यांच्या जुन्या सहकाऱ्याने शेजारी बसून, हात हातात घेऊन, आपला धाकटा भाऊ गेल्याचं सांगितलं, आणि बाबा मान कलती करून हसले आणि म्हणाले, "वा, छान." तो माणूस उठून गेला. मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. बाबांनी ते हसू ऐकलं नाही, पण हसणारी तोंडं पाहिली, आणि उठून गेलेल्या माणसाची पाठ पाहिली, आणि दोन्हींचा अर्थ जोडला. त्यानंतर ते कुठल्याच समारंभाला गेले नाहीत. मग डॉक्टर झाला, मशीन झालं. उजव्या कानाच्या मागे बसणारं, चवळीच्या दाण्याएवढं. डावा कान डॉक्टरांनी आधीच खर्ची टाकला होता.

मशीन घरी आलं त्या सकाळी माझ्या हातून स्वयंपाकघरात चमचा पडला. साधा चमचा, फरशीवर. मी वाकून उचलला आणि बाहेरच्या खोलीत पाहिलं तर बाबा दोन्ही हात कानांवर दाबून, डोळे मिटून, खुर्चीत अर्धे उठलेले. घराचं छप्पर खाली आलं की काय अशी त्यांची मुद्रा. मी चमच्याकडे पाहिलं. सभागृहं, सिनेमाघरं, वर्गखोल्या यांच्या भिंतींना आवाज शोषणारी पॅनेलं बसवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आहे, आवाजावर बोलायला मला बाहेरगावी बोलावतात, पण एक चमचा एवढा मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. पुढे कितीतरी दिवस मी घरातल्या वस्तूंकडे भीतभीत पाहत होतो. पातेल्यावरचं झाकण. कपाटाचं दार. वर्तमानपत्राचं पान उलटणं, ज्याला बाबांच्या कानात भिंत सोलल्यासारखा आवाज येत असावा. मशीनला चांगलं-वाईट कळत नाही. ते चमच्याचा आवाज आणि मुलीची हाक एकाच इमानाने मोठी करतं. माणसाचा कान फार लबाड आहे. शेकडो आवाज ऐकतो, त्यातला हवा तो निवडून आपल्याला देतो आणि बाकीचे ऐकलेच नाहीत असं दाखवतो. ही लबाडी बाबांची गेली होती. आता चाळीस माणसं, चाळीस ताटं, शंभरेक चमचे आणि खुर्च्या सरकवणारी पोरं यांच्यामध्ये त्यांना बसवायचं, आणि त्यातून एक वाक्य, पुरतं, त्यांच्या उजव्या कानापर्यंत न्यायचं. हे मी दाढी करताना स्वतःला समजावून सांगितलं आणि आरशातला माणूस मला जरा घाबरलेला वाटला.

माझ्या धंद्यात खोली तपासायची एक जुनी पद्धत आहे. उपकरणं असतातच, पण उपकरणं पेटीतून काढण्याआधी आम्ही सगळे तेच करतो. खोलीच्या मधोमध उभं राहायचं आणि एकदा कडक टाळी वाजवायची. मग गप्प राहून ऐकायचं. खोली त्या टाळीचं काय करते, यावर ती कशी आहे ते कळतं. चांगली खोली टाळी घेते आणि ठेवून देते. वाईट खोलीत ती दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकते आणि खोलीत शिरलेल्या पारव्यासारखी फडफडत राहते. ही पद्धत जगभर वापरतात. फक्त हॉटेलात वापरता येत नाही. पहिल्याच हॉटेलात, ताईने सुचवलेल्या, वरच्या मजल्यावरच्या, चारी बाजूंनी काचेच्या, मी मधोमध उभा राहून टाळी वाजवली आणि कुठल्या कुठल्या दारांतून वेटर धावत आले. मी म्हणालो, काही नको. ते गेले. टाळी मला नीट ऐकूच आली नव्हती, म्हणून मी पुन्हा वाजवली. ते पुन्हा आले, पण या वेळी त्यांच्याबरोबर मॅनेजर होता. "साहेब, आमच्याकडे टाळी वाजवून बोलवायची पद्धत नाही," तो अतिशय नम्रपणे म्हणाला, म्हणजे ज्या नम्रपणानंतर माणसाला जिना दाखवतात त्या. मी त्याला काच आणि प्रतिध्वनी यांचं नातं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण व्ह्यू बघा ना."

नंतरचे कितीक दिवस कामावरून सुटलो की मी शहरातल्या हॉटेलांमधून टाळ्या वाजवत हिंडत होतो. दुपार आणि संध्याकाळ यांच्या मधली ती वेळ, जेव्हा हॉटेल कुणाचंच नसतं. खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या, पाय वर केलेल्या. फरशी नुकती पुसलेली, तिच्यावर कुणी पाऊल टाकू नये म्हणून सगळे काठाकाठाने चालणारे. कुठेतरी आत भांड्यांचा ढिगारा एकाच वेळी खाली ठेवल्याचा आवाज. अशा वेळी मला त्या जागांची थोडी भीती वाटायची आणि थोडा आदर वाटायचा. इतकी रिकामी ताटं. अजून कोण येणार ते ठाऊक नसताना मांडून ठेवलेली. एका तळघरातल्या हॉटेलात मी विचारलं, गाणी बंद करता येतील का, तर मॅनेजर म्हणाला, करता आली असती, पण ती यंत्रणा मालकांच्या मेहुण्याने बसवलीय आणि मेहुणा परदेशी गेलाय, बटण कुठे आहे ते आता कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मधोमध कारंजं होतं. तिसऱ्या ठिकाणी सगळं बरं होतं, टाळी छान विरत होती, मी खिशातून कागद काढणार तोच शेजारच्या भिंतीपलीकडे कुणीतरी ड्रिल मशीन चालू केलं, आणि मॅनेजर माझ्या कानाशी येऊन ओरडला, "दोनच वर्षांचं काम आहे!" घरी बायको रोज दार उघडताना विचारायची, "सापडलं?" मी मान हलवायचो. ती म्हणायची, "अहो, जेवायला जायचंय. गाण्याची मैफल नाही." ताई फोनवर म्हणायची, "अरे, तू हॉटेल शोधतोयस की वधू?" तिला कसं सांगणार की मी एक वाक्य शोधतोय. अजून कुणी न बोललेलं. ते कुठे बोललं गेलं तर पोचेल ती जागा शोधतोय. हे सांगितलं असतं तर तिने काम भाऊजींना दिलं असतं.

मला आवाजाचा नाद लावला तो बाबांनीच. ते टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होते. जुन्या, फोनचे नंबर बोटाने फिरवायचे त्या काळातल्या. मी लहान असताना एका सुट्टीच्या दिवशी ते मला तिथे घेऊन गेले होते. लांबच लांब हॉल, खिडक्या नाहीत, आणि छतापर्यंत लोखंडी मांडण्या, आणि मांडण्यांमध्ये हजारो छोटी छोटी रिले, म्हणजे विजेवर उघडमिट होणारी खटकी, बोटाएवढी, आणि ती सगळी टकटकत होती. एक इकडे, दहा तिकडे, मग अख्ख्या रांगेतून सरसर एक लाट जायची आणि कोपऱ्यात विझायची. कुणी माणूस दिसत नव्हता. मी बाबांचा हात धरला. "कोण करतंय हे?" मी विचारलं. बाबा म्हणाले, "गाव करतंय. कुणीतरी कुणालातरी फोन लावतंय. एक टक म्हणजे एक आकडा." मग ते एका मांडणीपाशी थांबले, मान कलती केली, हो, अगदी तशीच, नंतर लोकांसमोर करायचे तशीच, आणि म्हणाले, "हिच्यात खोट आहे. वरून चौथी ओळ." मला काहीही वेगळं ऐकू येत नव्हतं. मला नुसतं अख्खं शहर ऐकू येत होतं, अंगावर येणारं, आणि माझे वडील त्याच्यामध्ये उभे राहून त्यातली एक चूक ऐकत होते. त्या दिवसानंतर मी देवळात गेलो, समुद्राकाठी गेलो, उंच उंच पुलांवर उभा राहिलो, पण माझी मान तशी पुन्हा कुठे आपोआप वर गेली नाही. मी घरी येऊन आईला सांगितलं की बाबा शहराचे डॉक्टर आहेत. आई म्हणाली, "मग आपल्या मोरीचा नळ का गळतोय?"

शेवटी ते हॉटेल मिळालं ते मी शोधत नव्हतो तेव्हा. एका वर्गखोलीचं माप घेऊन परत येताना एका बोळाच्या तोंडाशी मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, आणि वर पाहिलं तर एक दगडी चौकटीचं दार, आणि दाराशी जेवणाच्या वेळांची पाटी. आत गेलो. आणि आत गेल्या गेल्या माझे कान मोकळे झाले, विमान उतरल्यावर होतात तसे. बाहेरचा रस्ता एकदम नव्हताच. जाड पडदे, भिंतींना फिकट लाकूड, खाली दाट जाजम, आणि वर, सगळ्या हॉलभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, उलट्या नावेसारखं वळलेलं छत. "पूर्वी इथे व्याख्यानं व्हायची," मॅनेजर म्हणाला. तो म्हातारा आणि सर्दी झालेला होता. "लाउडस्पीकर यायच्या आधी. बोलणारा तिथे उभा राहायचा, आणि शेवटच्या बाकावर ऐकू जायचं म्हणतात. आता काय, लोक जेवायला येतात." मी हॉलच्या मध्यावर गेलो. टाळी वाजवली. कुणीही वेटर आला नाही. टाळी वर गेली आणि छताने ती घेतली, पोर उचलून घ्यावं तशी, आणि हलकेच पलीकडे नेऊन ठेवली. मग काही नाही. नुसती स्वच्छ शांतता, धुऊन वाळत घातल्यासारखी. मी मॅनेजरला म्हणालो, तुम्ही त्या टोकाला जाऊन उभे राहा आणि काहीतरी बोला, हळू, अगदी पुटपुटल्यासारखं. मी या टोकाला, जिथे बाबांना बसवायचं मनात होतं तिथे, खुर्चीत बसलो. तो गेला, त्याची पाठ लहान लहान होत गेली. मग तिथून, त्याचे ओठ हललेलेही मला दिसले नाहीत, पण अगदी माझ्या उजव्या कानात, रुमालाच्या वासासकट म्हणावं इतकं जवळून, तो म्हणाला, "आज कुणीतरी वेडा आलाय, लवकर सुट्टी मिळत नाही वाटतं." सुरुवातीपासून शेवटापर्यंत. एक अक्षर न सांडता. मला उठून त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. मी हॉल तिथल्या तिथे ठरवला.

त्या रात्री मी बाबांसमोर बसून, त्यांना दिसेल असं तोंड करून, सगळं सांगितलं. छत, पडदे, जाजम. ते माझ्या ओठांकडे पाहत होते. मशीन कानात होतं. "कागदाच्या हातपुसण्या ठेवायला सांगितल्या," मी म्हणालो. "चमचे लाकडी. पोरांना बजावलंय, खुर्च्या ओढायच्या नाहीत." बाबांनी मशीन बोटाने जरा दाबून बसवलं. मग म्हणाले, "तू माझ्यासाठी टाळ्या वाजवत फिरलास?" मी हो म्हणालो. "लोकांना काय वाटलं असेल," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, पण दोघांनीही तिकडे दुर्लक्ष केलं.

ठरलेल्या दिवशी मी आधी गेलो, टेबलं लावून घेतली, आणि बायको बाबांना मागाहून घेऊन आली. त्यांनी स्वच्छ दाढी केली होती, केस पाणी लावून कानांवरून मागे वळवले होते, आणि कोट असा घातला होता की जणू एक्स्चेंजचं उद्घाटन आहे. सगळे आले. एक लांब टेबल, छताच्या बरोबर खाली, टोकाशी बाबा. मी त्यांच्या डावीकडे बसलो आणि उजवीकडची खुर्ची मोकळी ठेवली, म्हणजे कुणीही येऊन चांगल्या कानाशी बोलावं. पहिली काही मिनिटं मी कधी विसरणार नाही. चाळीस माणसं आणि गोंगाट नाही. काकाचं हसू काकाच्या जागी, आत्याचा खोकला आत्याच्या जागी, लाकडी चमचे सशांसारखे मऊ. प्रत्येक आवाज वेगळा वेगळा, नीट घडी करून ठेवलेला. माझ्या आयुष्यातलं हे सर्वांत चांगलं काम होतं आणि यात माझं एकही पॅनेल नव्हतं. मी ऐकत बसलो. आणि ऐकता ऐकता मला काहीतरी टोचू लागलं. टेबलाच्या मध्यावरून काकूचं वाक्य आलं, तिने सुनेच्या कानात सांगितलेलं: "त्याला नोकरीचं विचारू नकोस, काढलंय त्याला." ज्याला काढलं होतं त्याने ताटातून मान वर केली. मग मामाचं: "या कोटाची बटणं बघ, ताणून ताणून बसवलीत." टेबलाच्या पलीकडच्या कोटवाल्याने पोट आत घेतलं. मग कुठूनतरी, "केक लहान आहे, मी म्हटलं नव्हतं?" छत इमानाने काम करत होतं. एका टोकाचं दुसऱ्या टोकाला, कुजबुज तेवढी उचलून, नेमकी कुणाच्या तरी कानाशी ठेवत होतं. मी हॉल रिकामा असताना तपासला होता. त्यात एकच माणूस बोलणारा आणि एकच ऐकणारा होता. घरातली माणसं चाळीस असतात आणि ती एकमेकांबरोबर जेवू शकतात ती फक्त गोंगाटाच्या आडोशाने, हे कुठल्याही उपकरणात येत नाही. एकेक तोंड बंद होत गेलं. लोक हसायचे आणि मग हसू थांबवून वर छताकडे पाहायचे. आणि अशा त्या विरत चाललेल्या बोलण्यात, अजून ज्यांना कळलं नव्हतं त्या भाऊजींनी शेजारच्या आत्येभावाला तोंडावर हात ठेवून सांगितलं, "मोठ्याने कशाला बोलतोस त्यांच्याशी, नुसतं हसायचं. त्यांना कुणी मेल्याचं सांगितलं तरी म्हणतील, वा, छान."

ते वाक्य पुरतं आलं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत. ते ताईने ऐकलं, तिचा चमचा हवेत राहिला. ते पोरांनी ऐकलं. ते पार इकडच्या टोकाला, आमच्यापाशी, बाबांच्या उजव्या खांद्यावर येऊन उतरलं, इतकं स्पष्ट की मला भाऊजींच्या तोंडातला घास ऐकू आला. चाळीस माणसांची शांतता फार मोठी असते. ती टेबलावर बसते, ताटांच्या मधे, आणि सगळे तिच्याकडे बघू नये म्हणून आपापल्या ताटाकडे बघतात. मला वाटलं, जमलं. शहर पालथं घालून, टाळ्या वाजवून, मी माझ्या बापासाठी नेमकं हेच वाक्य आणलं. मी हळूच मान वळवली. बाबांचा चेहरा होता तसाच होता. त्यांनी टेबलावरून नजर फिरवली, इकडून तिकडे, एकेक मिटलेलं तोंड पाहत. मान कलती केली. मी मनात म्हणालो, आता म्हणतात, वा, छान.

"एकदा एक्स्चेंज असंच बंद पडलं होतं," बाबा म्हणाले. बहिऱ्या माणसाचा मोठा, बेताचं भान सुटलेला आवाज, पण छताने तो घेतला आणि मऊ करून सगळीकडे वाटला. "दुपारची वेळ होती. हजारो रिले, आणि एकदम, टक नाही. आमचे सगळे लोक जागच्या जागी उभे राहिले. मी इतकी वर्षं त्या आवाजात काढली होती, मला वाटायचं कान किटले, बंद होईल तर बरं. बंद झाला तर मी मांडणीला कान लावून पाहिला. वाटलं, सगळं गाव गेलं. म्हणजे मेलंच. त्या बिनखिडक्यांच्या अंधारात कंदील घेऊन आम्ही मुख्य बटणापाशी गेलो. मी ते वर ओढलं, आणि," बाबा थांबले. कुणी चमचाही उचलला नाही. काकांचा लहानसा नातू तोंड उघडं ठेवून पाहत होता. "आणि सगळीकडून एकदम सुरू झालं. सगळ्या मांडण्या. अंगावर पाऊस पडावा तसं. मी तपासायला म्हणून एक लाइन कानाला लावली. मनात आलं, गाव मरून परत आलंय, आता पहिलं काय बोलेल? तर एक बाई दुसरीला म्हणत होती, 'हं, तर मी काय सांगत होते...'"

आधी आत्या हसली. मग काका, मग पोरं, मग ज्याला नोकरीवरून काढलं होतं तो सगळ्यांत जोराने. मामा डोळे पुसत कोटवाल्याच्या पाठीवर थाप मारत होता. ताईने भाऊजींकडे पाहिलं आणि मोठ्याने, टेबलभर ऐकू जाईल असं म्हणाली, "हं, तर मी काय सांगत होते," आणि त्यावर लोक पुन्हा हसले, आणि भाऊजींचे कान लाल झाले, आणि मग सगळ्यांनाच एकदम काही ना काही सांगायचं होतं. कुजबुज कुणी केलीच नाही. सगळे सगळ्यांशी मोठ्याने बोलू लागले, गोंगाट उठला, छत भरून गेलं, आणि त्या गोंगाटात मी डोळे मिटून बसलो आणि मला तो खिडक्या नसलेला हॉल ऐकू आला, टकटक, रांगेमागून रांग, सगळं शहर. माझे वडील टोकाशी बसून लाकडी चमच्याने केक खात होते. त्यांनी ते वाक्य ऐकलं होतं. हे मला आता लख्ख दिसत होतं. ऐकलं, झेललं, आणि ज्याने ते टाकलं त्याला दुखवायचं सोडून त्यांनी अख्खं गाव मरून जिवंत करून दाखवलं. तीस वर्षं मी खोल्यांना गप्प करायला शिकलो. हा माणूस एका वाक्यात त्यांना बोलतं करतो. मला त्यांच्याकडे नीट पाहवेना. लहानपणी त्या मांडण्यांखाली उभा होतो तेवढाच मी पुन्हा झालो होतो, आणि मान वर करून पाहत होतो.

गाडीत ते पुढे बसले. सिग्नलला थांबलो तेव्हा मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यांनी वळून पाहिलं, आणि मी ओठ नीट हलवत विचारलं, "बाबा, भाऊजी बोलले ते..." बाबांनी माझ्या हातावर थोपटलं. "छान झालं," ते म्हणाले. "पुढच्या वर्षीही तिथेच. जेवताना कुणी बोलत नाही, शांत लोक आहेत." मागच्या सीटवर बायकोने नाक पुसलं. मला वाटलं, एवढं मोठं मन आपल्यात कुठून येणार. सिग्नल सुटला आणि मागचा गाडीवाला हॉर्न वाजवू लागला. बाबांनी त्याची दखलही घेतली नाही, आणि तेही मला त्यांच्या मोठेपणाचाच भाग वाटलं.

घरी आल्यावर मी हात धुवायला न्हाणीघरात गेलो. आरशाखालच्या फळीवर, दाढीच्या ब्रशाशेजारी, मशीनची डबी होती. मशीन आत होतं, आणि झाकणावर सकाळचा साबणाचा फेस वाळला होता.